आधी कागद, मग विनोद : ‘लास्ट वीक टुनाइट’

राजकारण्यांची टिंगल करणारे कार्यक्रम पुष्कळ आहेत. एखाद्या बड्या आसामीने वकिलाची नोटीस धाडली की कार्यक्रम काय करतो, यावरून मी त्याची किंमत ठरवते. या कसोटीवर एचबीओचा ‘लास्ट वीक टुनाइट’ मला आजही पहिल्या नंबरचा वाटतो. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सूत्रधार जॉन ऑलिव्हर मूळचा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. २००६पासून तो अमेरिकेत ‘द डेली शो’ या बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या कार्यक्रमात होता. २०१३च्या उन्हाळ्यात त्याचे सूत्रधार जॉन स्ट्यूअर्ट सिनेमा करायला गेले, तेव्हा त्याने तो कार्यक्रम एकट्याने चालवला आणि एप्रिल २०१४पासून स्वतःचा सुरू केला. रविवारी रात्री, साधारण अर्धा तास. त्यातली वीसेक मिनिटं एकाच विषयाला, आणि विषयही रुक्ष: जामीन, दवाखान्याची थकलेली बिलं, कोळसा. जाहिराती नाहीत, कारण एचबीओ प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालतं.

माझी सगळी नोकरी जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर झाली, त्यामुळे माझं लक्ष विनोदाआधी पडद्याच्या कोपऱ्यात जातं. ऑलिव्हर एखादं विधान करतो तेव्हा शेजारी मूळ कागद दिसतो. अहवालातली नेमकी ओळ उजळलेली असते आणि वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर त्याचं नाव आणि तारीखही असते. भाचीने एकदा विचारलं, “मावशी, मधेच थांबवून काय वाचतेस?” मी तिला तो कागदच दाखवला. त्या कार्यक्रमाचं अर्धं काम तिथे झालेलं असतं. विनोद त्यावर नंतर चढतो.

आता नोटिशीचं. जून २०१७मध्ये त्यांनी कोळसा उद्योगावर भाग करायला घेतला. त्यात मरे एनर्जी या कंपनीचे मालक रॉबर्ट मरे येणार होते. यूटामधल्या क्रँडल कॅन्यन खाणीचा तो विषय. २००७मध्ये ती खाण ढासळली, सहा कामगार आत अडकून दगावले आणि त्यांना काढायला उतरलेले तिघेही दगावले. मरे म्हणत राहिले की भूकंप झाला. सरकारी तपासात तसं निघालं नाही. कार्यक्रमाने कंपनीला प्रश्न पाठवले, तर उत्तरात थांबा, नाहीतर कोर्टात खेचू, असं पत्र आलं. ऑलिव्हरने त्या पत्राचीच गोष्ट प्रेक्षकांना सांगितली, भाग ठरल्याप्रमाणे केला आणि शेवटी खारीचा वेश घातलेल्या माणसाला उभं करून मरेंना एक शिवी दिली. ती शिवीसुद्धा कार्यक्रमाची नव्हती. मरेंच्याच एका खाणकामगाराने बोनसच्या चेकवर ती लिहून चेक परत केला होता. मला हा भाग म्हणून आवडतो. जे वाक्य सगळ्यात जास्त झोंबलं, ते कामगाराच्या अक्षरातलं होतं.

काही दिवसांत मरेंनी वेस्ट व्हर्जिनियात दावा लावला. ते राज्य का, तर बोलणाऱ्याला त्रास देण्यासाठी केलेले दावे लवकर निकालात काढण्याचा कायदा तिथे नव्हता. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ए.सी.एल.यू. संघटनेच्या तिथल्या शाखेने न्यायालयात जे लेखी म्हणणं दिलं, त्यातलं एक उपशीर्षक ती शिवी देण्याचा कायदेशीर अधिकार कोणालाही आहे, असंच होतं. फेब्रुवारी २०१८मध्ये दावा फेटाळला गेला. मरे अपिलात गेले आणि २०१९मध्ये त्यांनी तेही मागे घेतलं.

दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणून गप्प बसला असता. नोव्हेंबर २०१९मध्ये ऑलिव्हरने पूर्ण भाग अशा दाव्यांवरच केला आणि जिंकूनही किती भुर्दंड पडला ते सांगितलं. दोन लाख डॉलरच्या वर खर्च, आणि बदनामीच्या दाव्यांसाठी उतरवलेल्या विम्याचा हप्ता तिप्पट. एचबीओसारख्या कंपनीला हे परवडलं. छोट्या पेपरला परवडेल का, हा त्याचा खरा मुद्दा होता आणि तो मला अगदी आतून पटला.

कारण आमच्याकडे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांवर बातमी छापली होती. लेखापरीक्षणाचा अहवाल वार्ताहराच्या पिशवीत होता, त्यावरचे शिक्केसुद्धा वाचता येत होते. नोटीस आली. मालकांनी वकिलाला विचारलं, “आपण जिंकू ना?” वकील म्हणाले, “जिंकू, पण तोवर तारखांना जाणार कोण?” आठवड्याच्या आत आतल्या पानावर, टेंडर नोटिशींच्या शेजारी, दिलगिरी छापली गेली. वार्ताहराला पुरवणीला धाडलं. बातमी खरी होती आणि खोटेपणाचा डाग मात्र त्याच्या नावावर बसला. याचा मला आजही राग येतो. आपल्याकडे अब्रुनुकसानी हा दिवाणी दावाही होतो आणि फौजदारी गुन्हाही. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये तो गुन्हा वैध ठरवला. वार्ताहराला लांबच्या तालुक्याच्या कोर्टात तारखेला उभं केलं की निकालाची वाटही बघावी लागत नाही.

नोटीस न देता तोंड बंद करायचे मार्गही या कार्यक्रमाने पाहिले आहेत. जून २०१८मध्ये शी जिनपिंग यांच्यावर भाग झाला आणि चीनमध्ये वेबो या तिथल्या समाजमाध्यमावरून ऑलिव्हरचं नाव पुसलं गेलं, एचबीओची वेबसाइटही तिथे बंद केली गेली. ब्रेक्झिटवरचा जून २०१६चा भाग ब्रिटनमध्ये स्काय अटलांटिकने मतदान संपेपर्यंत दाखवला नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये, ट्रम्प अहमदाबादला येण्याच्या तोंडावर, पंतप्रधान मोदी आणि नागरिकत्व कायद्यावर भाग झाला. तो हॉटस्टारवर आलाच नाही, यूट्यूबवर मात्र होता. नंतर ऑलिव्हरने हेही सांगितलं की हॉटस्टारची तेव्हाची मालक कंपनी डिस्ने, तिच्यावरचे त्याचे विनोद तिथे आधीपासून कापले जात होते. तो भाग मी पाहिला. रोज पेपर वाचणाऱ्या भारतीय माणसाला त्यात नवीन फार काही नाही, परदेशी प्रेक्षकासाठी केलेली ती तोंडओळख आहे. तो पटो न पटो, पैसे भरलेल्या ग्राहकापुढे यायला हवा होता, आणि यात माझं मत कधी बदलणार नाही.

आता कापलेला अर्धा तारा. कागदपत्रांचं काम सोडून कार्यक्रम पैशाचा तमाशा करायला लागतो तेव्हा माझं मन उडतं. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी राजीनामा द्यावा म्हणून वर्षाला दहा लाख डॉलर आणि राहायची सोय असलेली एक भलीमोठी आलिशान बस देऊ केली. थॉमस यांनी श्रीमंत मित्रांकडून घेतलेल्या भेटींची माहिती त्याच भागात व्यवस्थित मांडली होती. ती पुरेशी होती. न्यायाधीशापुढे, गमतीत का होईना, पैसे धरणं मला रुचलं नाही. याउलट २०१६मध्ये साठ हजार डॉलरमध्ये जवळपास दीड कोटी डॉलरची दवाखान्याची थकबाकी विकत घेऊन ती माफ केली, ते आवडलं. लोकांची थकबाकी किती कवडीमोलाने विकली जाते ते त्या एका व्यवहारातून कळलं. अमेरिकेतल्या डॅनबरी शहराने सांडपाण्याच्या प्रकल्पाला ऑलिव्हरचं नाव दिलं तो २०२०चा किस्सा मात्र फार ताणलाय, तो गाळला तरी चालेल.

स्टुडिओबाहेरचा एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. डिसेंबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या एका जाहीर कार्यक्रमात त्याने अभिनेते डस्टिन हॉफमन यांना त्यांच्यावरच्या गैरवर्तनाच्या आरोपांबद्दल समोरासमोर विचारलं आणि उत्तर टाळलं गेल्यावर पुन्हा विचारलं. समारंभाला आलेल्या पाहुण्याला असं विचारावं का, यावर तेव्हा वाद झाला. माझ्या मते विचारावं. मुलाखत घेणारा गप्प बसला की त्रास झालेल्या बाईच्या बाजूने त्या सभागृहात बोलणारं कोणी उरत नाही.

२०२५मध्ये अमेरिकी टीव्हीवर रात्री असाच विनोदी कार्यक्रम करणाऱ्या स्टीफन कोलबेअरचा कार्यक्रम बंद करण्याची घोषणा झाली आणि तसाच जिमी किमेलचा काही दिवस थांबवला गेला, तेव्हापासून वर्गणीवर चालण्याचं मोल मला जास्तच जाणवतं. ते दोघे जाहिरातींवर आणि सरकारी परवान्याच्या स्थानिक केंद्रांवर अवलंबून असलेल्या वाहिन्यांवर होते. ऑलिव्हरच्या डोक्यावर निदान ती टांगती तलवार नाही. मालक कंपन्या बदलत गेल्या आणि त्यांचीही त्याने कार्यक्रमातच खरडपट्टी काढली.

पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बोलण्याचा वेग फार आहे, तेव्हा इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. शिव्या सढळ आहेत, त्यामुळे घरात वडीलधारी किंवा लहान मुलं असतील तर हेडफोन लावा. मुख्य विषयाचे बरेचसे भाग यूट्यूबवर फुकट आहेत, पैसे मोजण्याआधी तिथेच अंदाज घ्या. सुरुवात जून २०१७च्या कोळशाच्या भागाने करा आणि लगेच नोव्हेंबर २०१९चा दाव्यांचा भाग लावा. मधे दुसरं काही पाहू नका.