बास्करव्हिल: बरेच महिने रोज वापरल्यानंतर

गेले बरेच महिने माझी इंग्रजी अक्षरजुळणी बहुतेक बास्करव्हिल या टाइपमध्येच, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणातच, चालू आहे. एक जाडजूड चरित्र, एक निबंधसंग्रह आणि मधूनमधून प्रमाणपत्रं, निमंत्रणं अशी किरकोळ कामं. लांबलचक गद्यासाठी याच्या तोडीचा सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला) टाइप मला अजून सापडलेला नाही. मात्र कागद आणि आकार नीट निवडला नाही, तर याची सगळी रया जाते.

असं का होतं, ते हा टाइप घडला कसा हे पाहिलं की कळतं. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) आधी सुलेखन शिकवायचा, थडग्यांच्या शिळांवर अक्षरं कोरायचा. पुढे वार्निशच्या शोभिवंत वस्तूंच्या धंद्यात पैसा मिळाला आणि तो त्यानं छपाईत ओतला. टाइपचे पंच, म्हणजे अक्षरांचे पोलादी ठसे, जॉन हँडीनं कोरले. १७५७ साली त्याचं पहिलं पुस्तक, व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती, बाहेर पडलं. पण त्यानं नुसता टाइप केला नव्हता. शाई जास्त काळी आणि दाट बनवली, जाळीच्या रेघा न उमटणारा गुळगुळीत कागद त्या पुस्तकाच्या काही भागासाठी वापरला आणि छापलेली पानं तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढली. एवढी तयारी होती म्हणून अक्षरांतल्या बारीक रेघा इतक्या बारीक ठेवणं त्याला परवडलं. आपण हाच टाइप खरखरीत, शाई पिणाऱ्या कागदावर छापतो, तेव्हा मूळ बेतातलं निम्मं सामान गायब असतं.

आता अक्षरं जवळून बघू. गॅरामाँड या त्याहून जुन्या टाइपमध्ये गोल अक्षरांचा जाड-बारीकपणा कललेला असतो, तिरक्या धरलेल्या बोरूनं लिहिल्यासारखा. बास्करव्हिलमध्ये तो जवळजवळ उभा आहे. 'ओ' सर्वांत बारीक होतो तो बरोबर माथ्यावर आणि तळाशी. बोडोनी या इटालियन मुद्रकानं पुढे जाड-बारीक रेघांमधला हाच फरक टोकाला नेला. बास्करव्हिल त्याच्या बराच अलीकडे थांबतो, म्हणूनच तो वाचनीय राहतो. कॅपिटल 'ई'चा खालचा हात वरच्यापेक्षा लांब आहे. 'क्यू'ची शेपटी ऐटीत वळते. लहान 'जी'चा खालचा फुगा पूर्ण मिटत नाही, डावीकडे फट राहते. टाइप ओळखायचा असेल तर आधी हा 'जी' शोधावा. इटॅलिकमध्ये तर सुलेखनाचा मास्तर स्पष्ट दिसतो: 'जे', 'एन', 'टी' या कॅपिटलांची वळणं हातानं लिहिल्यासारखी आहेत. अवतरणं आणि ग्रंथनामं मी याच्या इटॅलिकमध्ये अक्षरशः हौसेनं लावतो.

चरित्र ११ पॉइंटात (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचं माप), एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत १५ पॉइंट अंतर देऊन लावलं. पान मोकळं, उजळ दिसतं आणि तरी ओळ डोळ्याला धरून ठेवते. अक्षरं अंगानं रुंद आहेत, त्यामुळे त्याच आकाराच्या गॅरामाँडपेक्षा पानं वाढतात; प्रकाशकाला हे आधीच सांगून ठेवावं. ओळींतलं अंतर कमी करून पानं वाचवायचा मोह टाळावा. या टाइपचा सगळा जीव त्या मोकळेपणात आहे.

खरी अडचण तळटीपांत आली. ८ पॉइंटात बारीक रेघा इतक्या झिरझिरीत होतात की लहान 'ई'ची आडवी रेघ प्रूफावर तुटक दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं लावली तर शाई पसरून तीच रेघ बुजते. पांढऱ्याशुभ्र चकचकीत कागदावर उलटं होतं, जाड-बारीकपणा डोळ्याला टोचतो. बास्करव्हिलच्या हयातीतही हा टाइप डोळे बिघडवतो अशी तक्रार होती. बेंजामिन फ्रँकलिननं अशाच एका टीकाकाराला कॅझलॉन या दुसऱ्या इंग्रज टाइपकाराचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून दाखवला, आणि त्या गृहस्थानं त्यातही तेच दोष काढले. हा किस्सा फ्रँकलिननं १७६० साली बास्करव्हिललाच पत्रातून कळवला. टीकाकाराचा पूर्वग्रह उघडा पडला, हे खरंच. पण चकचकीत कागदापुरती ती तक्रार मला आजही रास्त वाटते. किंचित पिवळसर, गुळगुळीत पण चमक नसलेला कागद घेतला की शाई पसरण्याचा आणि डोळ्याला टोचण्याचा, दोन्ही त्रास संपतात.

एकाच नावाखाली बऱ्याच आवृत्त्या मिळतात आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीनं १९२३ साली केलेलं पुनरुज्जीवन पुस्तकी मजकुरासाठी माझ्या पहिल्या पसंतीचं. पाब्लो इम्पालारीच्या स्टुडिओची मोफत लिब्रे बास्करव्हिल स्क्रीनवरच्या मजकुरासाठी आखलेली आहे. लहान अक्षरांची उंची जास्त, पोटं मोकळी, जाड-बारीक फरक सौम्य. पडद्यावर ती उत्तम चालते. तळटीपांनाही मी आता तिचंच रेग्युलर (साधं, ना ठळक ना तिरपं वळण) वापरतो, मात्र टीपेच्या नेहमीच्या आकारापेक्षा अर्धा-पाऊण पॉइंट लहान करून, नाहीतर टीपच मोठी दिसते. टाइपकार झुझाना लिचकोची मिसेस ईव्हज १९९६ची. बास्करव्हिलची पत्नी सारा ईव्हज हिचं नाव तिला दिलेलं आहे. मुखपृष्ठं, शीर्षकं, छोट्या कविता यांना ती छान शोभते, पण लहान अक्षरं फारच बुटकी असल्यामुळे लांब मजकूर तिच्यात लावायला मी धजणार नाही.

मोठ्या आकारात मात्र कुठलीही चांगली आवृत्ती डोळे झाकून वापरावी. प्रमाणपत्रावर नाव कॅपिटलांत लावून अक्षरांमध्ये थोडी जागा सोडली की आणखी सजावट लागत नाही. पुस्तकासाठी आवृत्ती निवडताना स्मॉल कॅप्स (लहान अक्षरांच्या उंचीची कॅपिटलं) आणि ओळीच्या खाली-वर जाणारे जुन्या वळणाचे आकडे तिच्यात आहेत ना, ते आधी बघून घ्या. चरित्रासारख्या सनावळ्यांनी भरलेल्या मजकुरात सगळे आकडे कॅपिटलांच्या उंचीचे असले, तर प्रत्येक साल पानावर ओरडत राहतं.