कॅम्पसचा कचरा: चौकात कंटेनर की दारातून उचल?

कॅम्पसवर कचऱ्याची नवी घडी बसवायची तर पुण्यात साधारण दोन वाटा दिसतात. मोक्याच्या जागी मोठे कंटेनर ठेवून ते गाडीने उचलायचे, किंवा कचरावेचक ताईंनी ढकलगाडी घेऊन रोज प्रत्येक इमारतीच्या दारातून कचरा न्यायचा. दिवसाला 100 किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून ठरलेलंच आहे. त्यामुळे खतप्रकल्प दोन्हीकडे धरूनच चालू.

आमच्या आवारात आम्ही दोन्ही चालवून पाहिलं. कंटेनरची सोय नाकारता येणार नाही. वसतिगृहातली मुलं रात्री दोन वाजताही कचरा टाकतात, सुट्टीच्या दिवशी कुणाची वाट पाहावी लागत नाही, देखरेखीला माणूसही कमी लागतो. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की तळातून काळं पाणी वाहतं आणि कुत्री जमतात. पण रोज उचल झाली तर तेही आटोक्यात राहतं.

माझं मत फिरलं ते दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्यामुळे. कँटीनमध्ये चहासाठी पिशवी कापताना तो नखाएवढा तुकडा सुटतो आणि चहाच्या चोथ्याबरोबर ओल्या कचऱ्यात जातो. पिशवी भंगारात विकली जाते, कोपऱ्याला कुणी विचारत नाही. खत तयार होऊन चाळणीवर आलं की काळ्याभोर मातीत हे पांढरे-निळे तुकडे जसेच्या तसे. काही चाळणीतूनही निसटतात आणि थेट बागेत पोचतात. आमच्या माळ्यांनी ते खत गुलाबांना घालायचं सोडून दिलं होतं. कंटेनरमध्ये चार मेस आणि दोन कँटीनचा माल एकत्र पडतो. मग कुणाला सांगणार?

दारातून उचल सुरू झाल्यावर ताई बादली तिथेच ओतून बघायच्या. कोपरे दिसले की लगेच आत हाक, "दादा, पिशवीला नुसती चीर द्या, कोपरा तोडू नका." हे एखाद्या परिपत्रकाने झालं असतं असं मला वाटत नाही. हळूहळू तुकडे कमी झाले. मोजमाप मी ठेवलेलं नाही, पण माळी आता खत मागून नेतात.

शिवाय शहरात या कामाचा अनुभव तयार आहे. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा महापालिकेशी पहिला करार 2008 मध्ये झाला. वर्गीकरणाच्या बारीक खुणा या बायांना जेवढ्या कळतात तेवढ्या आपल्या कुठल्याच समितीला कळत नाहीत. विकाऊ सुका माल त्यांच्याकडेच राहू द्या, तो त्यांच्या कमाईचा भाग आहे.

कॅम्पस फारच पसरलेलं किंवा चढाचं असेल तर ढकलगाडी जीव काढते; तिथे बॅटरीवरची गाडी द्यावी लागेल. पालापाचोळ्याला आणि राडारोड्याला वेगळी जागा हवीच. पाला तर जपूनच ठेवा, मेसच्या ओल्या कचऱ्याचा चिखल होऊ नये म्हणून थरांमध्ये तोच घालावा लागतो. प्रयोगशाळेचा कचरा या दोन्हींत येऊच द्यायचा नाही.

दारातून उचल निवडलीत तर वर्गीकरणाच्या शेडला पक्कं छप्पर, पाण्याचा नळ आणि ताईंसाठी जवळ स्वच्छतागृह, हे पहिल्याच आराखड्यात घालून घ्या. नंतर त्याला मंजुरी मिळता मिळत नाही.