कॅप्टनची बॅट रुसली : कॅप्टन्सी काढायची की संघातली जागा?

संघ हरतोय आणि कॅप्टनच्या धावाही होत नाहीत. अशा वेळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोनच पक्ष पडतात.

पहिला पक्ष म्हणतो, कॅप्टन्सी काढा, खेळाडू ठेवा. दाखला 1981 चा. इयान बोथमच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने 12 कसोटींत एकही जिंकली नव्हती. लॉर्ड्सवर तो दोन्ही डावांत शून्यावर गेला आणि कॅप्टन्सी सुटली. आधीचा कॅप्टन माइक ब्रेअर्ली परत आला. पुढच्याच हेडिंग्ले कसोटीत बोथमने नाबाद 149 ठोकल्या आणि फॉलोऑननंतरही (पहिल्या डावात खूप मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागूनही) इंग्लंड 18 धावांनी जिंकलं. गंमत म्हणजे ब्रेअर्लीच्या नावावर कसोटीत एकही शतक नाही!

दुसरा पक्ष म्हणतो, कॅप्टनच बाहेर बसवा. आपल्या बोरिवलीच्या रोहित शर्माने कॅप्टन असताना ऑस्ट्रेलियात पाच डावांत 31 धावा केल्या आणि जानेवारी 2025 मध्ये सिडनी कसोटीत तो स्वतःच संघाबाहेर बसला. बुमराहने नेतृत्व केलं. भारत तरीही हरला. मग रोहित बीकेसीत मुंबईकडून रणजी खेळला, रहाणेच्या हाताखाली. धावा 3 आणि 28, मुंबईही हरली.

मला विचाराल तर बोथमचा दाखला रोहितला लावणं चूक. बोथम गोलंदाजही होता. हेडिंग्लेच्या पहिल्या डावात त्याने 6 बळी घेतले होते. धावा आटल्या तरी त्याची जागा शाबूत राहायची. निव्वळ फलंदाजाला ही सोय नाही. त्याची कॅप्टन्सी काढून त्याला सलामीलाच पाठवलं, तर नवा चेंडू तसाच आत येणार. म्हणून सिडनीचा निर्णय मला पटतो, निकाल काहीही लागो.