कोबोटूलबॉक्स: टिनाच्या घरातलं तापमान आणि घरच्यांची उत्तरं एकाच फॉर्मात

कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवरून सर्वेक्षण करण्याचं साधन. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये, आपत्तीच्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्थांसाठी ते घडलं. आपल्याकडे ते बहुतेकांना माहीत असतं ते पीएचडीच्या प्रश्नावलीपुरतं. इथे ते एका अवघड कामाच्या कसोटीवर तपासलं आहे: नागपूरच्या वस्त्यांमध्ये उन्हाळ्यात घराच्या आतलं तापमान उपकरणाने मोजायचं, त्याच घरातल्या माणसांना झोप, काम, पाणी, आजारपण याबद्दल विचारायचं आणि शेवटी दोन्ही एकमेकांना जोडायचं. वर्धा रोडच्या बाजूला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, अंबाझरीकडे व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं शिक्षण देणारं केंद्र आणि शहरात समाजकार्याची महाविद्यालयं, एवढी माणसं या गावात आहेत. असे संयुक्त प्रकल्प इथे व्हायलाच हवेत. ते अडतात ते बहुधा शेवटी, जेव्हा उपकरणवाल्यांची फाइल आणि प्रश्नावलीवाल्यांची फाइल समोरासमोर येते आणि कुठलं घर कुठलं हेच जुळत नाही.

या कामासाठी कोबो घ्यावं, अशी शिफारस आहे. मात्र पहिल्या घरात जाण्याआधी निदान आठवडाभर फॉर्मवर बसण्याची तयारी हवी.

सुरुवात खात्यापासून. कोबोचे दोन सार्वजनिक सर्व्हर आहेत, एक जागतिक आणि एक युरोपीय. एकावरचं खातं दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून सगळ्या चमूने आधीच एक ठरवावा. अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट अ‍ॅप टाकल्यावर सर्व्हरचा पत्ता भरावा लागतो आणि नवखे लोक इथेच अडकतात. ब्राउझरमध्ये दिसणारा पत्ता जागतिक सर्व्हरवर 'केएफ'ने आणि युरोपीय सर्व्हरवर 'ईयू'ने सुरू होतो, अ‍ॅपला मात्र 'केसी'ने सुरू होणारा पत्ता लागतो. आयफोनसाठी हे अ‍ॅप नाही. तिथे ब्राउझरमधला एन्केटो फॉर्म वापरावा लागतो. तो नेटवर्क नसतानाही चालतो, पण ब्राउझरचा साठवलेला डेटा कोणी पुसला की न पाठवलेले फॉर्मही जातात. क्षेत्रकामाला अँड्रॉइडच बरे. गुगल फॉर्म नेटवर्क गेलं की थांबतो आणि जीपीएस घेत नाही, त्यामुळे तो इथे स्पर्धेतच नाही.

फॉर्म वेबवर एकेक प्रश्न ओढून बनवता येतो. वीसपेक्षा जास्त प्रश्न असतील तर एक्सेलमध्ये, म्हणजे एक्सएलएसफॉर्म पद्धतीने बनवावा. एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय, तिसऱ्यावर सेटिंग. प्रत्येक प्रश्नाला एक 'नाव' असतं, म्हणजे डेटातल्या रकान्याचं शीर्षक, आणि एक 'लेबल', म्हणजे फोनवर दिसणारा मजकूर. लेबल मराठीत आणि हिंदीत, दोन वेगळ्या रकान्यांत द्या. नागपूरच्या वस्त्यांत एकाच गल्लीत दोन्ही लागतात आणि अ‍ॅपमध्ये भाषा तिथल्या तिथे बदलता येते. नाव मात्र रोमन लिपीत, छोटं आणि मोकळी जागा न ठेवता. बहुपर्यायी प्रश्नाची उत्तरं कोबो मोकळी जागा सोडून एका ओळीत साठवतं, म्हणून पर्यायाच्या नावातच मोकळी जागा असेल तर एका पर्यायाचे दोन होतात. काम सुरू झाल्यावर लेबलमधली चूक खुशाल दुरुस्त करा. नावाला हात लावू नका, कारण नाव बदललं की निर्यातीत, म्हणजे सर्व्हरवरून उतरवलेल्या फाइलमध्ये, नवा रकाना उघडतो, जुनी उत्तरं एकीकडे आणि नवी दुसरीकडे जातात.

आता मूळ मुद्दा, घराचा ओळख क्रमांक. तापमानाची नोंद ठेवणारा लॉगर दर १५ मिनिटांनी एक आकडा घेतो, म्हणजे दिवसाला ९६. १ एप्रिल ते १५ जून ठेवला तर ७६ दिवस आणि ७,२९६ नोंदी, एका घरामागे. हा ढीग कोबोत भरायचा नसतो, तो लॉगरच्या फाइलमध्येच राहतो. कोबोने फक्त एवढं सांगायचं, की अमुक लॉगर अमुक घरात या वेळेपासून त्या वेळेपर्यंत होता. त्यासाठी लॉगरच्या पाठीला क्यूआर चिकटवा आणि फॉर्ममध्ये बारकोड प्रकारचा प्रश्न ठेवा. हाताने टाइप केलेला क्रमांक चुकतोच. चुकीचा क्रमांक कुठल्या तरी दुसऱ्या खऱ्या घराचा निघाला तर ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. स्कॅन न झाल्यास हाताने भरायचा दुसरा प्रश्न ठेवा, त्याला साच्याची अट घाला, म्हणजे दोन अक्षरं आणि तीन आकडे यांशिवाय काही स्वीकारलंच जाणार नाही. क्रमांकाची सुरुवात अक्षराने करण्याचं आणखी एक कारण आहे. नुसता '००७' लिहिला तर एक्सेल त्याचा ७ करून टाकतं.

लॉगर कुठे टांगला, हेही फॉर्मनेच विचारलं पाहिजे: जमिनीपासून साधारण दीड मीटर, भिंतीला न टेकता, चूल, फ्रीज आणि कूलरच्या झोतापासून दूर, खिडकीतून ऊन पडणार नाही अशा जागी. सोबत एक फोटो. फोटोची लांब बाजू जास्तीत जास्त १,०२४ पिक्सेल अशी मर्यादा फॉर्ममध्ये घालता येते आणि ती घालावीच. ५०० घरं, प्रत्येकी ३ फोटो, एका फोटोला ४ एमबी धरले तर ६ जीबी होतात, आणि मोफत खात्यावर साठवणुकीची व मासिक नोंदींची मर्यादा असते. ती खात्याच्या वापर पानावर दिसते.

लॉगर हवेचं तापमान आणि आर्द्रता सांगतो. टिनाच्या छपराखाली बसलेल्या माणसाला वरून जी धग लागते ती त्याला कळत नाही. ती मोजायची तर काळ्या गोळ्याचा थर्मामीटर हवा आणि मग घरातल्या उष्णताताणाचा निर्देशांक काढता येतो: टोकाला ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या तापमानाचे ०.७ आणि काळ्या गोळ्याच्या तापमानाचे ०.३ यांची बेरीज. सगळ्या घरांत हे परवडत नाही. निदान प्रत्येक प्रकारच्या छपराची, म्हणजे टिन, कवेलू (कौलं) आणि स्लॅब यांची, काही घरं त्यासाठी निवडा. कूलर असलेल्या घरात आर्द्रतेशिवाय नुसतं तापमान फसवं असतं, कारण कूलर हवा थंड करताना दमट करतो. 'कूलर आहे का' हा प्रश्न त्यामुळे अगदी अपुरा पडतो. काल किती तास चालला, टाकीत पाणी होतं का, वीज किती वेळ नव्हती, हे तिन्ही विचारा आणि ते फक्त 'आहे' म्हटल्यावरच दिसतील अशी अट लावा. कोबोत ही सोय भक्कम आहे.

याहून मोठा घोळ झोपण्याच्या जागेचा. लॉगर खोलीत आहे, पण रात्री घरातले पुरुष आणि मुलगे गच्चीवर, अंगणात किंवा गल्लीत खाट टाकून झोपतात. बायका, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आत. घराला एकच तापमान लावून सगळ्यांची झोप त्याच्याशी ताडली तर संबंध पुसट दिसतो आणि उष्णतेचा झोपेवर फारसा परिणाम नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उपाय म्हणजे रिपीट ग्रुप. घरातल्या प्रत्येक माणसासाठी तेच पाच-सहा प्रश्न पुन्हा येतात: वय, लिंग, कामाचं ठिकाण, काल रात्री झोपण्याची जागा, किती वेळा जाग आली. भौतिक मापनाची चूक इथे समाजशास्त्रीय प्रश्न सुधारतो आणि कोबोची खरी किंमत याच ठिकाणी कळते.

प्रश्नाचा काळ आणि लॉगरचा काळ एकच ठेवा. झोपेचा प्रश्न 'काल रात्री'चा असेल तर लॉगरमधून रात्री १० ते पहाटे ५ या वेळेतल्या २८ नोंदींची सरासरी घ्या. 'या उन्हाळ्यात झोप कशी आहे' असं विचारलं तर त्या उत्तराला जोडायला कुठलाही आकडा उरत नाही. आजाराबद्दल विचारताना नाव विचारू नका. चक्कर, उलटी, पोटऱ्यांत गोळे, लघवी कमी होणं अशी लक्षणं वेगवेगळी विचारा आणि 'मागच्या ७ दिवसांत' अशी हद्द घाला.

वेळेचा एक सापळा कोबोतच आहे. फॉर्म सुरू आणि बंद केल्याची वेळ फोनच्या घड्याळाप्रमाणे, भारतीय वेळेत येते. 'सबमिशन टाइम' हा रकाना मात्र जागतिक वेळेत असतो, साडेपाच तास मागे. लॉगरच्या फाइलशी जोडताना तो धरला तर दुपारी ३ ची भेट सकाळी साडेनऊची होते. त्यातून फॉर्म नेटवर्क मिळाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी जातो, त्यामुळे तो रकाना विश्लेषणाला वापरूच नये. सगळ्या फोनवर तारीख-वेळ आपोआप ठेवा आणि लॉगर चालू करताना त्याचं घड्याळ त्याच फोनशी मिळवा.

जीपीएसचा प्रश्न टिनाखाली बसून भरू नका. दारात किंवा गल्लीत उभं राहून, अचूकता ५ ते १० मीटरवर आली की नोंद घ्या. त्याहून बारीक अचूकतेसाठी उन्हात थांबण्याचा काही फायदा नाही. ही घरं ज्या उपग्रहाच्या उष्णता-नकाशावर ठेवून बघायची, त्या लँडसॅट ८ च्या उष्णता-संवेदकाचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा आहे, ३० मीटरचं चित्र त्यातूनच तयार केलेलं असतं. शिवाय तो उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जातो, रात्रीचं काही सांगत नाही. न रंगवलेला टिन उष्णता कमी उत्सर्जित करतो, म्हणून उपग्रहाला तो प्रत्यक्षापेक्षा थंड दिसतो. ज्या वस्त्या सर्वांत तापतात त्याच नकाशावर सौम्य दिसण्याचा धोका त्यामुळे असतो. घरातला लॉगर इथे निर्णायक ठरतो. नकाशासाठी नागपूर यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या, ४४ उत्तर पट्ट्यात येतं. अमरावती आणि अकोला ४३ मध्ये आहेत. विदर्भभर काम असेल तर अंतरं मोजण्याआधी हे तपासा.

घराचं अचूक स्थान आणि घरच्यांचं आजारपण एकाच फाइलमध्ये असणं ही गंभीर जबाबदारी आहे. कोबोत कोण काय पाहू शकतो हे नेमकं ठरवता येतं. सर्वेक्षकाला फक्त फॉर्म भरण्याचा अधिकार द्या, पर्यवेक्षकाला त्याच्या चमूच्याच नोंदी दाखवा. बाहेर देण्याच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तीन दशांशांवर आणा. नागपूरला त्याचा अर्थ सुमारे ११० बाय १०४ मीटरचा चौकोन. विरळ वस्तीत तेवढ्यानेही घर ओळखू येतं, तिथे स्थान पूर्ण काढूनच टाका. नैतिक समितीची मंजुरी आणि संमतीचा मजकूर फॉर्मच्या पहिल्या पानावर असावा. 'नाही' म्हटल्यावर फॉर्म तिथेच संपला पाहिजे, आणि ती नकाराची नोंदही जपायला हवी, कारण कोणत्या गल्लीतून नकार जास्त आले हे नंतर लागतं.

रोज संध्याकाळी नोंदी तपासण्याची सोय चांगली आहे: मंजूर, नामंजूर, थांबवलेली असे शिक्के मारता येतात. फॉर्मला ऑडिट लावला तर कोणत्या प्रश्नावर किती सेकंद गेले तेही कळतं. चाळीस प्रश्न चार मिनिटांत झाले असतील तर त्या सर्वेक्षकाबरोबर दुसऱ्या दिवशी कोणी तरी जायला हवं. दुसऱ्या भेटीच्या फॉर्ममध्ये पहिल्या भेटीची माहिती आपोआप आणता येते, पण त्यासाठी निघण्याआधी नेटवर्कमध्ये फॉर्म ताजा करून घ्यावा लागतो.

निर्यात हा कोबोचा कच्चा भाग. सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की मराठी अक्षरांचा चुराडा झालेला दिसतो. एक्सएलएस स्वरूपात उतरवा किंवा डेटा टॅबमधून यूटीएफ-८ निवडून आत घ्या. घरातल्या माणसांची माहिती वेगळ्या पानावर येते आणि ती मूळ घराशी 'पेरेंट इंडेक्स'ने जोडलेली असते. हा क्रमांक दर निर्यातीला नव्याने पडतो. मधली एखादी नोंद पुसली किंवा गाळणी (फिल्टर) लावली की सगळे सरकतात. जुन्या निर्यातीतली माणसं नव्या निर्यातीतल्या घरांना चिकटवली तर माणसं शेजारच्या घरात जातात आणि तक्ता मात्र व्यवस्थित दिसतो. जोडणी नेहमी नोंदीच्या 'यूयूआयडी'वर, म्हणजे प्रत्येक नोंदीला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळखीवर करा. निर्यातीत लेबलऐवजी मूळ नावं आणि मूल्यं निवडा, आणि 'सर्व आवृत्त्यांतले रकाने' हा पर्याय चालू ठेवा.

मे महिन्यात फोन हे वेगळं प्रकरण आहे. ४४-४५ अंशांत फोन तापला की चार्जिंग थांबतं, कॅमेरा बंद पडतो, पडदा अंधुक होतो. भेटी सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ नंतर ठेवा. ते घरच्यांनाही सोयीचं. फोन ओल्या दुपट्ट्यात गुंडाळू नका, सावलीत आणि कव्हर काढून ठेवा. काम संपल्यावर फोन परत घेताना अ‍ॅप काढण्याआधी पाठवायला तयार असलेल्या फॉर्मची यादी रिकामी झाली आहे का ते पाहा आणि अर्धवट मसुदेही उघडून बघा. अ‍ॅपबरोबर तेही पुसले जातात आणि सर्व्हरवर त्यांची खूण नसते.