शुगरचा सेन्सर, काही महिन्यांचा अनुभव: मशीन चांगलं, चिकटपट्टी बेकार

परवा सिंहगड चढताना अजून एक सेन्सर (दंडाला चिकटवायचा, साखर मोजून मोबाईलवर दाखवणारा) गळून पडला म्हणून शेवटी हे लिहायला बसले. लावून आठवडाही झाला नव्हता. चार-पाच हजारांची वस्तू, चौदा दिवस चालेल म्हणून सांगतात, आणि आतकरवाडीतून वर निघालं की अर्ध्या तासात टी-शर्टच्या बाहीत लोंबकळत असते. सेन्सरबद्दल चांगलं लिहिण्यासारखं खूप आहे आणि ते लिहिणारच आहे, पण आधी चिकटपट्टी.

मी टाईप वन डायबेटिसवाली, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, म्हणून कॉलेजमध्ये असल्यापासून इन्सुलिनवर. रात्री एक लाँग ॲक्टिंग (दिवसभर पुरणारं) आणि जेवणाआधी रॅपिड (लवकर लागू पडणारं). रविवारी सिंहगड, मध्ये दोन दिवस जिम, बाकी दिवशी तळजाईवर चालणं. सेन्सर कसा लावायचा, ॲप कसं चालतं हे सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

खोक्यावर लिहिलेलं असतं की एक मीटर पाण्यात अर्धा तास चालतो. चालतो, खोटं नाही, आंघोळीने नाही की पावसाने नाही, काही होत नाही. पण पाणी बाहेरून येतं आणि घाम पट्टीच्या खालून, कातडीतूनच येतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग तो गोंदच सोडवतो. आधी खालची कड पांढरी पडते, मग तिला सुरकुती येते, त्यात बाहीचं सूत अडकतं, आणि आतला केसासारखा बारीक तंतू जरा जरी बाहेर सरकला की आकडे भलतेच खाली यायला लागतात आणि थोड्या वेळाने सेन्सर बदला असा मेसेज. वॉटरप्रूफची टेस्ट ठीक आहे हो, पण घामाची टेस्ट कोण करणार? मे महिन्यात भारतात विकताय ना?

कस्टमर केअरला फोन केला तर पहिला प्रश्न, मॅडम, ॲक्टिव्हिटी जास्त होती का? अहो, डायबेटिसवाल्याला प्रत्येक डॉक्टर व्यायाम करा म्हणतो, आणि सेन्सरची खरी गरज व्यायामातच असते, घरी बसून असताना बोटाला सुई टोचून चालतंच की! मग सीरियल नंबर द्या, फोटो पाठवा, पडलेला सेन्सर जपून ठेवा, आमचा माणूस न्यायला येईल. माणूस आलाच नाही. बऱ्याच मेल झाल्यावर एक बदलून मिळाला, परवाच्याचं अजून लटकलंय. तुम्ही घेणार असाल तर खोकं फेकू नका आणि लावायच्या आधीच सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा.

उपाय म्हणून पांढरी पेपर टेप लावून पाहिली, ती घामात सेन्सरच्याही आधी निघते. खेळाडू लावतात ती ताणणारी कायनेसिओ टेप बरी पडली, मध्ये भोक पाडून कडेने लावायची, कारण सेन्सरच्या मधलं बारीक छिद्र झाकायचं नाही. स्पिरिट लावल्यावर कातडी पूर्ण सुकू द्यायची, आणि ट्रेकच्या आदल्या रात्रीच लावून टाकायचा, सकाळी निघताना घाईत नाही.

आता मशीनबद्दल. पहिले काही आठवडे मला हे पैसे वाया गेले असंच वाटत होतं. चढताना ॲपमध्ये साखर 104 (सगळे आकडे mg/dL मध्ये) आणि माझे हात थरथरतायत, बोट टोचलं तर 71. कंपनीचा दोष नाहीये हा, सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, पेशींच्या भोवतीच्या पाण्यातली मोजतो, आणि तिथे बदल पोचायला एरवी पाच-दहा मिनिटं लागतात, चढावर साखर भराभर उतरत असते तेव्हा हा फरक अजून वाढतो. म्हणजे मी बघतेय तो आकडा मघाचा. मग कशाला घ्यायचा, असंच मत होतं आणि परत करायच्या विचारात होते.

मत बदललं ते बाणामुळे. आकड्याशेजारी जो बाण असतो ना, खरे पैसे त्याचे. माझ्या सेन्सरमध्ये सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त उतरतेय, तिरका म्हणजे एक ते दोनच्या मध्ये. म्हणजे 140 आणि सरळ खाली बाण असेल तर पंधरा मिनिटांत 110 च्या आत, आणि वर तो उशीर धरला तर खरी साखर आत्ताच 140 नाहीये. बोट टोचून बघायचा ग्लुकोमीटर बिचारा फक्त 140 सांगतो आणि आपण खुशाल चढत राहतो. हे कळल्यापासून सिंहगडावर मी लो चा (साखर फार उतरल्याचा) अलार्म 70 वरून काढून 100 वर ठेवते, मग हातात वेळ उरतो.

निघताना साखर 126 ते 180 च्या मध्ये असली की छान. 90 च्या खाली असेल तर दहा-वीस ग्रॅम ग्लुकोज घेऊन, वर यायला लागली की मग निघायचं. 270 च्या वर असेल आणि कारण कळत नसेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) बघायचे, कीटोन असतील तर गड राहिला. ग्लुकॉन-डी पॅन्टच्या खिशात, सॅकमध्ये नाही, कारण लो झाल्यावर चेन उघडायचंही सुधरत नाही. एक मोठा चमचा म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, मग पंधरा मिनिटं बसायचं आणि परत बघायचं. चॉकलेट, बिस्किटांवर विसंबू नका, चॉकलेटमधल्या फॅटमुळे साखर चढायला वेळ लागतो. वाटेत लिंबू सरबत मिळतं ते चालतं, पण त्यानंतर बोट टोचायचं असेल तर आधी बोट धुवा, चिकट बोटावर साखर उगाच जास्त दाखवते आणि आपण निर्धास्त होतो. आदल्या दिवशी जोरदार लो झाला असेल तर मी दुसऱ्या दिवशी गडावर जात नाही, कारण त्यानंतर शरीर नीट इशाराच देत नाही. आणि चढायच्या दिवशी इंजेक्शन मांडीत घेत नाही, पोटात घेते, चालत्या पायातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं.

वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, हे सोडायला मी तयार नाही. इथे सेन्सरचा फार उपयोग झाला. गडावर पोचल्यावर आकडा चांगला दिसतो म्हणून जेवणाचं इन्सुलिन पूर्ण घेतलं तर ते साधारण तासा-दीड तासात सगळ्यात जोरात असतं, आणि नेमके तेव्हाच आपण उतरत असतो. दोन-तीन रविवारचे ग्राफ डॉक्टरांना दाखवले, त्यांनी वरच्या जेवणाचा डोस कमी करून दिला. किती कमी ते इथे लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, आपापल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

जिममध्ये उलटंच. जड वजनं उचलली की माझी साखर चढते, 150 ची 200 च्या पुढे, ॲड्रेनलिनमुळे. लगेच इन्सुलिन घेऊन ती खाली आणायची नाही, बऱ्याचदा नंतर आपोआप उतरते. आधी वजनं आणि मग ट्रेडमिल असा क्रम ठेवला तर माझा ग्राफ पुष्कळ सपाट राहतो. (डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल त्यांनी जड वजनांच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.)

सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती रविवार दुपारची. गडावरून येऊन, जेवून, झोपले की उठताना डोकं जड आणि अंग घामाने ओलं, वर्षानुवर्षं मी ते दमणुकीवर ढकलत आले. सेन्सरचा अलार्म वाजला, बोट टोचलं, 61. रिकामे झालेले स्नायू कितीतरी तास साखर ओढत राहतात, त्यामुळे लो संध्याकाळी, रात्री, अगदी दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांना तो झोपेत गाठतो, म्हणून आता तसा दिवस असेल तर झोपायच्या आधी मी बघतेच, बाणासकट. फक्त एक, सेन्सरच्याच कुशीवर झोपलं तर तो दाबला जातो आणि खोटा लो दाखवतो, कूस बदलली की वर येतो. आईने एकदा अशा खोट्या अलार्मवर मला उठवून साखरेचं पाणी पाजायला घेतलं होतं. बोट टोचून खात्री केल्याशिवाय नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. मात्र माणूस घामेजलेला आहे, गोंधळल्यासारखा बोलतोय असं दिसलं तर टोचत बसू नका, आधी ग्लुकोज द्या. आणि शुद्धच नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ ॲम्ब्युलन्स.

टाईप वन निघाला तेव्हा आईने माझं पळणंच बंद करायचं ठरवलं होतं. बाबा म्हणाले, वसीम अक्रमला 1997 मध्ये हाच आजार निघाला आणि तो 2003 च्या वर्ल्ड कपपर्यंत बोलिंग टाकत होता, आपली पोरगी गड का नाही चढणार. तेव्हा ना सेन्सर ना बाण, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपसुद्धा मोजून वापरायचो.

पैशाचं म्हणाल तर महिन्याला दोन मला परवडत नाहीत. म्हणून व्यायामात काही नवीन सुरू केलं, डोस बदलला किंवा लांबचा ट्रेक असला की त्या पंधरवड्यात एक लावते, ग्राफ डॉक्टरांना दाखवते, आणि बाकीचे दिवस स्ट्रिप्सवर काढते, निघताना एक, अर्ध्या वाटेत एक, वर एक, घरी आल्यावर एक. पुढचा आता दिवाळीनंतरच घेईन, तेव्हा डिसेंबरात राजगडला जायचं ठरतंय आणि थंडीत तेवढा घामही येत नाही.