गिअरबॉक्सचं ऑइल कंपनीचं की बाहेरचं? वर्षभर वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. माझ्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक टोयोटात गेलं वर्षभर बाहेरचं ऑइल आहे, व्हॅल्व्होलाइनचं मॅक्सलाइफ मल्टी-व्हेइकल एटीएफ (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल; मल्टी-व्हेइकल म्हणजे अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारं), आणि गिअरबॉक्सबद्दल तक्रार करावी असं काही घडलेलं नाही. कंपनीच्या डब्याच्या जवळपास निम्म्या किमतीत काम झालं. तरी "कंपनीचं ऑइल म्हणजे नुसती लूट, कुठलंही लाल ऑइल ओता" असं कुणी म्हणालं तर त्याच्या गाडीत मी बसणार नाही.

पुस्तिकेत माझ्या गाडीसाठी "टोयोटा डब्ल्यूएस" लिहिलंय. हे एका स्पेसिफिकेशनचं नाव आहे. गाडीवाल्या कंपन्या स्वतः ऑइल गाळत बसत नाहीत. त्या मोजमापं ठरवून देतात, ऑइल कंपनी त्यानुसार बनवते, आणि डब्यावर गाडीचं बोधचिन्ह लागतं. टोयोटाचे बरेच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ज्या आयसिनचे असतात, ती आयसिन स्वतःच्या नावानेही डब्ल्यूएसच्या बरोबरीचं ऑइल विकते. म्हणजे "कंपनीचं" आणि "बाहेरचं" यांच्यामध्ये तिसरी पायरी आहे, आणि ती मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावी. मला ती हवी तेव्हा मिळाली नाही, म्हणून मल्टी-व्हेइकलकडे वळलो.

वळण्याआधी बराच घोळ घातला, कारण इंजिन ऑइलच्या सवयीने इथे विचार करून चालत नाही. इंजिनात ऑइलने घर्षण कमी करायचं, एवढं साधं गणित. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) ताकद पुढे पाठवतं, त्याच्याच दाबाने गिअर बदलतात, ते गिअर आणि बेअरिंगना वंगण देतं, उष्णता काढून नेतं, आणि शिवाय क्लच प्लेट्सना एकमेकींवर *नेमकं* घसरू देतं. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. प्लेट पकड घेताना फार घसरली तर जळते, झटकन चिकटली तर गाडीला हिसका बसतो. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी रसायनं हाच तोल राखतात, आणि प्रत्येक कंपनीचा तोल थोडा वेगळा असतो.

जुनं उदाहरण घ्या. १९६७ च्या सुमारास फोर्डचं टाइप एफ आणि जनरल मोटर्सचं डेक्सरॉन ही दोन्ही ऑइलं बाजारात होती. दोन्ही लालच. पण टाइप एफमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं नव्हती, त्यामुळे क्लच कडक पकड घ्यायचे. डेक्सरॉनमध्ये ती होती, त्यामुळे गिअर मऊ पडायचे. रंगावरून ऑइल ओळखणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. लाल रंग गळती कुठून होतेय हे कळावं म्हणून मिसळतात, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. (जाता जाता: त्या काळात घर्षणाचा तोल राखायला स्पर्म व्हेलचं तेलही घालत. १९७० च्या दशकात अमेरिकेत ते बंद झालं आणि रसायनज्ञांना नव्याने डोकं चालवावं लागलं.)

दुकानात डबा हातात घेतल्यावर मी मागची बाजू वाचतो. तिथे दोन तऱ्हेची भाषा असते. एक, "मान्यताप्राप्त" किंवा "परवानाधारक". दुसरी, "अमुक ठिकाणी वापरण्यास योग्य". पहिलीत गाडी कंपनीने ऑइल तपासून होकार दिलेला असतो. दुसरीत ऑइल कंपनी स्वतःच्या भरवशावर सांगतेय. खऱ्या डेक्सरॉन सहावर, म्हणजे त्याच डेक्सरॉनच्या पुढच्या आवृत्तीवर, इंग्रजी "J" अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. याउलट डेक्सरॉन तीनचे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केले, त्यामुळे आज कुठल्याही नव्या डब्यावर "डेक्सरॉन ३" दिसलं की तो विकणाऱ्याचा शब्द, बाकी काही नाही. त्यातली काही ऑइलं चांगली असतीलही. पण ज्याच्या मागे कुणी उभं नाही असं ऑइल महागड्या गिअरबॉक्समध्ये मी तरी ओतणार नाही.

माझं मॅक्सलाइफ डब्ल्यूएसच्या बाबतीत दुसऱ्या गटातलं, म्हणजे "योग्य" म्हणणारं. मग घेतलं कशाला? कारण कंपनी नावाजलेली, डेटा शीट सगळ्यांसाठी उघडी, आणि घट्टपणाचा आकडा जुळणारा. १०० अंश सेल्सिअसला ते सहा सेंटीस्टोकच्या आसपास आहे, म्हणजे डब्ल्यूएससारख्याच पातळ ऑइलांच्या रांगेतलं. जुनी डेक्सरॉन तीन किंवा टोयोटाचंच टी-फोर ही याहून घट्ट. टी-फोरच्या गिअरबॉक्समध्ये डब्ल्यूएस किंवा उलट, असा प्रयोग करू नका. दोन्ही टोयोटाचीच म्हणून चालतील असा समज फार पसरलाय.

आता प्रत्यक्ष बदलणं. ड्रेन प्लग काढला की सगळं ऑइल निघत नाही. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहतं. एका वेळी निम्मं निघतं असं धरलं तर पहिल्या वेळी ५० टक्के नवं, दुसऱ्या वेळी ७५, तिसऱ्या वेळी ८७ च्या वर. मी मध्ये काही आठवडे गाडी चालवून हे टप्प्याटप्प्यानेच केलं. मशीन लावून एकदम सगळं उपसण्यापेक्षा हे मला पटतं, विशेषतः गाडीचं रनिंग बरंच झालं असेल तर.

पहिल्या वेळी निघालेलं ऑइल पांढऱ्या कागदावर टाकलं तेव्हा डाग तपकिरी, मध्ये गडद आणि कडेला फिकट पसरलेला. जळका वास नव्हता, ते महत्त्वाचं. गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन उघडल्यावर आतल्या चुंबकांवर काळपट-राखाडी लगदा होता, बोटांत चोळला तर काजळासारखा मऊ. हा लगदा म्हणजे रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचेल असा कण किंवा चकाकणारा तुकडा लागला असता तर ऑइलची चर्चा तिथेच थांबवून गिअरबॉक्सवाल्याला फोन केला असता.

पातळी बघणं हा खरा कस लागणारा भाग, आणि ऑइलच्या नावापेक्षा जास्त गिअरबॉक्स इथे बिघडतात असं माझं मत आहे. या गाडीला डिपस्टिक नाही. खाली एक प्लग आहे. ऑइल साधारण ४० ते ४५ अंशांवर आलं की गाडी समतल ठेवून, इंजिन चालू ठेवून तो उघडायचा. आधी धार येते, ती बारीक होत होत थेंब थेंब पडू लागली की पातळी बरोबर, लगेच प्लग लावायचा. ऑइल थंड असताना उघडलात तर ते आकसलेलं असतं आणि गरम झाल्यावर जास्त ठरतं; फार गरम असताना उघडलात तर उलट, आणि गाडी कमी ऑइलवर धावते. तापमान हाताने अंदाजायचं नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून ते दाखवणारा स्कॅनर लावायचा. ज्या गॅरेजमध्ये स्कॅनरचं नाव काढल्यावर "अहो, अंदाज आहे आम्हाला" असं उत्तर मिळालं, तिथून मी गाडी परत आणली.

आता अनुभव. थंड सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स टाकताना पूर्वी जो हलका धक्का बसायचा, तो गेला. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना कळतही नाही. पण याचं श्रेय ब्रँडला देणं अप्रामाणिकपणा होईल. जुनं ऑइल काढून कंपनीचंच ताजं भरलं असतं तरी एवढा फरक पडलाच असता. मी खरी नजर ठेवली ती थरथरीवर. मध्यम वेगात, पाय ॲक्सिलरेटरवर हलका ठेवून जाताना लॉक-अप क्लच (टॉर्क कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणारा क्लच) मुद्दाम किंचित घसरत ठेवलेला असतो, आणि ऑइलचा घर्षणाचा गुण घसरला की पहिली खूण तिथेच दिसते: क्षणभर रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर. घाटातून भरलेली गाडी चढवली, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रांगलो, दोन्हीकडे ती आली नाही. मायलेजमध्ये मोजण्याजोगा फरक नाही, आणि कुणी तसा दावा केला तर मला शंका येईल.

"लाइफटाइम ऑइल आहे, हात लावू नका" हे मलाही एका सर्व्हिस सेंटरने ऐकवलं. लाइफटाइम कुणाचं, हे मात्र सांगितलं नाही. जगभरच्या महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतःच ऑइल ठराविक काळाने बदला म्हणते, गाडीवाल्याने लाइफटाइम लिहिलेलं असलं तरी.

कंपनीच्या डब्याबाहेर मी कुठे जाणार नाही, तेही सांगतो. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर बिलकूल नाही: तिथे धातूचा पट्टा धातूच्याच पुलीला घट्ट धरून ठेवायचा असतो, साधं एटीएफ ते काम करू शकत नाही आणि पट्टा घसरला की पुलीवर ओरखडे उठतात. ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचच्या ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गिअरबॉक्सचंही तेच. आणि गाडी वॉरंटीत असेल तर निम्मे पैसे वाचवण्यासाठी उद्या वाद घालायची माझी तयारी नाही. तोवर कंपनीचंच, पावतीसकट. माझी गाडी वॉरंटीबाहेर आहे. पुढच्या बदलाला आयसिनचा डबा मिळाला तर तो, नाहीतर हेच.