कॅमेरा परत करताना निघणारा 'सेन्सरचा स्क्रॅच'

शॉर्टफिल्म करणाऱ्या पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलांचे डिपॉझिटमधले १८ हजार रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर लिहीत आहोत, कारण ही युक्ती विद्यार्थ्यांवर हमखास चालते.

दोन दिवसांचं शूट होतं. सोनीचा ए-सेव्हन थ्री कॅमेरा, २४-७० लेन्स, ट्रायपॉड आणि चार बॅटऱ्या एवढं सामान भाड्याने घेतलं. डिपॉझिट २५ हजार, शिवाय एकाचं मूळ आधार कार्ड दुकानदाराकडे. सामान मिळालं रात्री, दुकान बंद होता होता. "सगळं चेक केलेलंय, बिनधास्त न्या" म्हणत बॅग हातात दिली. परत करायला गेले तेव्हा मात्र मालकाला घाई नव्हती. त्याने अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/२२ वर नेऊन अगदी लहान केलं, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, स्क्रीनवर झूम करून एक काळपट ठिपका दाखवला आणि म्हणाला, "सेन्सरला स्क्रॅच पडलाय, बदलावा लागेल." १८ हजार कापले, पावती दिली नाही. आधार कार्ड त्याच्याच ड्रॉवरमध्ये असल्यामुळे मुलं फार वाद घालू शकली नाहीत.

तो ठिपका बहुधा आधीपासूनचा असतो आणि बहुधा साध्या धुळीचा असतो. सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, पुढे फिल्टरची काच असते, धूळ बसते ती त्या काचेवर. अ‍ॅपर्चर एफ/२.८ ला उघडं असताना तिची सावली इतकी पसरते की दिसत नाही. एफ/१६ किंवा एफ/२२ ला तीच सावली छोटी आणि गडद होते. विद्यार्थ्यांच्या फिल्म बहुतेक खोलीत, कमी उजेडात, उघड्या अ‍ॅपर्चरवर शूट होतात. त्यामुळे दोन्ही दिवस फुटेजमध्ये काहीच दिसत नाही आणि ठिपका आपल्याच हातून आला असं मुलांना मनापासून वाटतं. फसवणारा नेमका यावरच विसंबून असतो.

म्हणून तीच चाचणी सामान घेताना, मालकासमोर करा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/२२, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम अनंतावर, आणि समोर पांढरी भिंत किंवा कोरा कागद. शटर कितीही हळू असू दे, कॅमेरा थोडा हलला तरी बिघडत नाही. भिंत धूसर होते, ठिपका जागचा हलत नाही. फोटो पूर्ण झूम करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. ठिपका सापडला तर लेन्स काढून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारायला मालकालाच सांगा आणि पुन्हा फोटो काढा. ठिपका गेला किंवा सरकला तर ती धूळ. जागचा हलला नाही तर चिकटलेला डाग किंवा ओरखडा असू शकतो. मग तो चलनावर, म्हणजे दिलेल्या सामानाच्या यादीच्या कागदावर, लिहून घ्या. तोंडाने फुंकर मात्र कधीच मारू नका, थुंकीचे शिंतोडे काचेवर बसतात. लेन्सवर मोबाईलचा टॉर्च तिरका टाकून बुरशी, ओरखडे आणि लेन्सच्या फिल्टर बसवायच्या कडेला पडलेला पोचा बघा.

हे सगळं न थांबवता एका व्हिडिओत घ्या. त्यात बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर वाचता आले पाहिजेत, मालकाचा आवाजही यायला हवा. चलनावर लेन्स कॅप, हूड, चार्जर आणि ट्रायपॉडची क्विक रिलीज प्लेट (कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायची छोटी पट्टी) हेसुद्धा लिहून घ्या. प्लेट हरवल्याच्या नावाखालीही पैसे कापतात, आणि ती मुळात दिलीच नव्हती हे सिद्ध करणं अवघड जातं. भाड्याचा दिवस १२ तासांचा की २४ तासांचा, हेही त्याच कागदावर हवं.

मूळ ओळखपत्र कुणालाही ताब्यात देऊ नका. मास्क्ड आधारची प्रत द्या, तिच्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात. तेवढ्यावर सामान द्यायला जो तयार नसेल, तो सोडा.

तरीही परत करताना 'स्क्रॅच' निघालाच, तर तिथे पैसे कापायला होकार देऊ नका. ब्लोअर मारायला लावा. तरी म्हणणं कायम असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा लेखी अंदाज मागा आणि कॅमेरा तिथे दोघांनी मिळून न्या. खोटं बोलणारा इथेच मागे हटण्याची शक्यता जास्त.

इन्स्टाग्रामवर स्वस्त भाडं दाखवून आगाऊ रक्कम घेणारे आणि मग फोन बंद करणारे, हा वेगळा प्रकार. दुकान प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

डिपॉझिट अडकलं असेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं: मुदत २ वर्षं, आणि मोबदल्याची रक्कम, म्हणजे तुम्ही मोजलेले पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चलन, व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडा. फोनवर ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी मालकाला मेसेज करून ठेवलीत, तर ते बोलणंही तुमच्या हाताशी राहील.